काळी चांदणी

लग्न होऊन विजयमाला हडपसरला आली, तेव्हा गावाभोवती अजून कांद्याची आणि फ्लॉवरची शेतं होती आणि पहाटे घराघरांतून तवे तापत. भाकरीचे नव्हेत, मशेरीचे. तंबाखूची पानं तव्यावर पार काळी होईस्तोवर भाजायची, हातानं चुरायची आणि ती पूड बोटावर घेऊन दातांना, हिरड्यांना घासत बसायचं. पुरुष विड्या ओढत, बायका मशेरी लावत. पुरुषाला कुणी व्यसनी म्हणे, बाईला म्हणत नसे. बाई दात घासते, एवढंच म्हणत.

तिची सासू तुळजाबाई दिवसातून पाच-सहा वेळा दात घासायची. दात तसे थोडेच उरले होते. गावात तिच्या तोंडाला कुणी लागत नसे, कारण नवरा गेल्यावर भावकीच्या नाकावर टिच्चून तिनं चार एकर रान राखलं होतं आणि त्यासाठी लागणारी सगळी हत्यारं तिच्या जिभेवर होती. मुलगा जयसिंग एकुलता एक. आईसमोर तो मान वर करून बोलत नसे आणि बायकोसमोर बोललाच तर तेही खाली घालून.

विजयमाला सासवडची. वडील शाळेत शिपाई, त्यामुळे ती दहावीपर्यंत शिकलेली, आणि माहेरी दात पेस्टनं घासायची पद्धत. सासरच्या पहिल्या सकाळी ती मोरीवर ब्रश घेऊन उभी राहिली. मागून आवाज आला.

"तोंडाला फेस आलाय का गं? घोडीगत?"

विजयमालेनं चूळ भरली. "पेस्ट आहे, आत्याबाई."

"ठावं हाय मला. मेल्या जनावराची हाडं दळून करत्यात ती. माझ्या गळ्यात माळ हाय. माझ्या मोरीवर हाडं धुयाची न्हाईत. गोठ्यामागं जा."

विजयमाला नवी नवरी होती. गेली गोठ्यामागं. पण जाताना ट्यूब पदराखाली लपवली नाही, हातात उंच धरून नेली. तुळजाबाईनं ते बघितलं. भांडण त्या दिवशी लागलं ते लागलं.

वर्षभरात विजयमालेला दिवस गेले. मशेरीचा धूर नाकात शिरला की तिच्या पोटात काही ठरत नसे. तिनं नवऱ्याला सांगितलं, "अहो, निदान एवढे महिने तरी तवा परसात लांब न्यायला सांगा." जयसिंग आईकडे गेला, काहीतरी पुटपुटला आणि बैल सोडायला निघून गेला. दुसऱ्या दिवशी तुळजाबाईनं तवा खरंच हलवला. विजयमालेच्या खिडकीखाली तीन दगड मांडले आणि तिथं भाजायला बसली.

"लांब न्यायला सांगितला व्हता नव्हं? न्हेला की. सैपाकघरापासनं लांबच हाय."

विजयमालेनं वरून तांब्याभर पाणी ओतलं. तवा चर्र झाला. तुळजाबाईनं ओली पूड तशीच मुठीत घेतली, खिडकीच्या गजांतून आत फेकली. दोघींनी एकमेकींना ज्या शिव्या दिल्या त्या ऐकायला शेजारची शकू कुंपणापर्यंत आली होती आणि पुढं कितीतरी वर्षं ती त्या चवीनं सांगायची.

मुलगी झाली, तिचं नाव हेमा. हेमा अंगणवाडीत जायला लागली तेव्हा विजयमालेनं ठरवलं की दिवसभर या घरात राहिलो तर एक दिवस सासूचं नाहीतर आपलं डोकं फुटणार. सोलापूर रस्त्याच्या कडेला लहानमोठे कारखाने झाले होते. त्यातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये 'चांदणी' नावाची टूथपेस्ट तयार व्हायची. मालक यज्ञेश्वरराव बुधवार पेठेतले, तिथं त्यांचं सौंदर्यप्रसाधनांचं जुनं दुकान होतं. रोज सकाळी स्कूटरवरून येत, स्टँडवर लावून सीट फडक्यानं पुसत आणि मगच कुणाशी बोलायचं ते बोलत. त्यांनी विजयमालेला नळ्या भरायच्या टेबलावर घेतलं. नळी मागच्या बाजूनं उघडी असते, पेस्ट त्या बाजूनं भरायची, मग कड दुमडून दाबून टाकायची. टोपण आधीपासूनच घट्ट. हे तिला पहिल्याच दिवशी जमलं.

पण ती तिथं गेली होती ती फक्त पगारासाठी नव्हे. तिला भांडणाचा निकाल हवा होता. पेस्ट घोटायच्या हंड्यावर बजरंग नावाचा माणूस होता, विश्रांतवाडीहून येणारा, अंगावर कायम पांढरी भुकटी. जेवणाच्या सुट्टीत तिनं त्याला गाठलं.

"बजरंगभाऊ, यात हाडं असतात का?"

तो हसला. "असली तर मालक सूप करून विकतील. ये, दाखवतो."

त्यानं एकेक दाखवलं. आधी हंड्यात ग्लिसरीन आणि पाणी. ग्लिसरीन म्हणजे चिकट, गोडूस रस. तो नसेल तर पेस्ट नळीत वाळून खडा होईल. त्यात डिंकासारखी पूड भिजवायची, म्हणजे सगळं पिठल्यासारखं आळून येतं. मग पोत्यातली पांढरी भुकटी, सगळ्यात जास्त तीच.

"ही हाडं?"

"हा खडू. दगड दळून केलेला. दात घासायचं काम हाच करतो, बाकी सगळा जामानिमा."

मग चिमूटभर सॅकरिन, गोडीसाठी, कारण साखर घातली तर दातच किडायचे. सगळ्यात शेवटी फेसाची पूड. ती आधी घातली तर घोटता घोटता हंडा उतू जातो, आणि नाकात गेली तर शिंकून शिंकून जीव जातो. वरून पुदिन्याचा अर्क.

"फेसानं काय होतं?"

"काही नाही. माणसाला वाटतं, तोंड स्वच्छ झालं. फेस आला नाही तर गिऱ्हाईक म्हणतं पेस्ट बनावट आहे."

"आणि दात किडू नयेत म्हणून?"

"मोठ्या कंपन्या फ्लोराइड घालतात, अगदी जरासं. आपले मालक म्हणतात, चांदणीवाल्यांचे दात देवानं बघावेत."

विजयमालेला एवढं पुरेसं होतं, पण तिनं आणखी एक प्रश्न विचारला. "ग्लिसरीन कुठनं येतं?"

"साबणाच्या कारखान्यातनं. तिथं तेल नाहीतर चरबी शिजवतात, त्यातनं हा रस निघतो."

"कशाची चरबी?"

"पिंपाला विचार."

संध्याकाळी घरी गेल्यावर तिनं सासूला खडू सांगितला, डिंक सांगितला, पुदिना सांगितला. ग्लिसरीन सांगितलं नाही. चरबीचा शब्द तिनं रस्त्यातच गिळून टाकला होता. "हाडं नाहीत त्यात, आत्याबाई. मी डोळ्यांनी बघितलंय. दगडाचा चुरा आहे."

तुळजाबाईनं बोट हिरडीवर फिरवत सगळं ऐकलं. "मंग घास दगड. घरात तसाबी एक हाय, त्याच्यासंगं तर नांदतीस."

दगड ओसरीवर बसून दोरी वळत होता. 

दोनेक वर्षांनी यज्ञेश्वररावांनी नवा माल काढला. 'काळी चांदणी.' तपकिरी काळपट पेस्ट, लवंगेचा दणकून वास, खेडोपाडीच्या बाजारांसाठी. वेष्टनावर लवंग, बाभळीची साल आणि 'औषधी वनस्पतींचे चूर्ण' असं छापलेलं. ती मागच्या खोलीत तयार व्हायची, दार लावून, आणि तिथं बजरंगशिवाय कुणाला जायला मुभा नव्हती. नुसखा चोरीला जाऊ नये म्हणून, असं मालक सांगत. भरायला पुढं यायची तेव्हा लवंगेनं शेड भरून जायची. विजयमाला शेकड्यानं नळ्या भरायची. बोटांना वास राहायचा तो लवंगेचाच.

दिवाळीला मालकांनी सगळ्यांना काळ्या चांदणीची एकेक नळी दिली. विजयमालेनं ती सासूपुढं ठेवली, जराशी ढकलूनच.

"यात तर खडूसुद्धा कमी आहे. झाडपाला आहे सगळा. मशेरी सोडायची असेल तर लावून बघा. नसेल तर राहू द्या."

तुळजाबाईनं बोटावर घेतली. हिरडीला लावली. बराच वेळ बोट फिरवत राहिली. मग थुंकली आणि म्हणाली, "बरी हाय."

त्या घरात आल्यापासून सासूच्या तोंडून 'बरी' हा शब्द विजयमालेनं पहिल्यांदा ऐकला. दुसऱ्या दिवशी तवा तापला नाही. तिसऱ्या दिवशी तापला, पण थोडा वेळच. महिन्याभरात खिडकीखालच्या तीन दगडांवर कोंबड्या बसायला लागल्या. जयसिंग गावभर सांगत सुटला की बायकोनं आईची मशेरी सोडवली. विजयमाला कारखान्यात पेढे घेऊन गेली, मालकांच्या टेबलाशी उभी राहून तिनं सगळी हकीकत सांगितली. यज्ञेश्वररावांनी पेढा उचलला, "वा, वा, छान," म्हणाले, आणि तो कागदात गुंडाळून खणात ठेवला.

आळीतल्या बाया विचारू लागल्या. शकूनं मागितली, मग तिच्या जावेनं, मग दळणाच्या गिरणीवाल्याच्या आईनं. विजयमाला कारखान्यातून नळ्या आणायची आणि घरोघर पोचवायची. तिच्या बोलण्यात जरा ठसका आला होता. "तव्यापुढं बसून डोळे जाळण्यापेक्षा हे बरं नाही का?" बाया मान हलवायच्या. सासू-सुनेचं भांडण मिटलं नव्हतं; भाजीत मीठ जास्त झालं की अजूनही दोन घरं पलीकडे ऐकू जायचं. पण विजयमाला जिंकली होती आणि ते तिला माहीत होतं. तुळजाबाई नळी कंबरेच्या चंचीत ठेवायची. दिवसातून सहा-सात वेळा लावायची. हेमानं हात पुढं केला की फटकन मारायची. "ही म्हाताऱ्यांची. तुझी पांढरी हाय." विजयमालेला वाटायचं, म्हातारी पोरीशीसुद्धा हावरटपणा करते.

हेमा सात वर्षांची असताना एका सकाळी पांढरी पेस्ट संपली. शाळेला उशीर होत होता. काल आणलेल्या काळ्या नळ्या कोनाड्यात होत्या. विजयमालेनं एक उघडली, हेमाच्या ब्रशवर चांगली बोटभर ओढली आणि डबा भरायला आत गेली. पोरीला लवंगेचा वास आवडला. तिनं घासली, चाटली, थुंकायची तेवढी थुंकली, उरलेली गिळली.

थोड्या वेळानं हेमा उंबऱ्यात येऊन बसली. "आई, घर फिरतंय." विजयमालेनं वळून बघितलं तर पोरीचा चेहरा राखेसारखा झालेला, कपाळावर घामाचे थेंब. मग ती ओकली. एकदा, दोनदा, आणि कुशीवर पडली. हातपाय गार.

तुळजाबाई गोठ्यातून धावत आली. तिनं ओकारी बघितली, वाकून वास घेतला आणि सुनेकडे बघून किंचाळली, "तिला ती काळी कुनी दिली?"

"मी दिली. काय झालं? झाडपालाच आहे ना!"

"अगं रांडं, तमाकू हाय त्यात! लेकराला तमाकू चारलीस!"

विजयमाला जागची हलली नाही. हलली ती तुळजाबाई. साठीची बाई, तिनं नातीला खांद्यावर टाकलं आणि अनवाणी मोठ्या रस्त्यापर्यंत पळत गेली, डॉक्टरांच्या पायरीवरच बसली आणि तिथून ओरडायला लागली. विजयमाला मागून पोचली तेव्हा पोरगी आत होती.

डॉक्टरांनी पोरीला दुपारपर्यंत ठेवून घेतलं. बहुतेक विष ओकून गेलं होतं म्हणून निभावलं, असं सांगितलं. काळ्या पेस्टची नळी हुंगून ते म्हणाले, "लवंग कशासाठी घालतात कळलं का? दुसरा वास झाकायला."

घरी आल्यावर हेमाला निजवलं आणि विजयमाला सासूपुढं येऊन उभी राहिली.

"तुम्हाला माहीत होतं."

"पहिल्या बोटालाच कळलं. चाळीस वर्सं तमाकू लावतीया मी. माझी जीभ मेली न्हाई अजून."

"मग बोलला का नाहीत?"

"का बोलू? उठता-बसता माझ्या तव्याला नावं ठेवत व्हतीस. म्हनलं, हिला जितल्यागत वाटू दे. माझं काम व्हतंय, हिचं थोबाड बंद राहतंय. आनि तू तितं भरतीस की नळ्या! मला वाटलं तुला ठावं हाय. ठावं असून आनतीस, सासूला गुपचीप करायला."

"मला माहीत असतं तर माझ्या पोरीला दिलं असतं का?"

"मला काय ठावं तू काय देशील आनि काय न्हाई."

विजयमालेनं कोनाड्यातल्या नळ्या गोळा केल्या, अंगणात टाकल्या आणि एकेक टाचेखाली फोडली. तुळजाबाईनं कंबरेची चंची घट्ट धरली. "हिला हात लावून बघ." जयसिंग दारात उभा होता. "आता बास करा," तो म्हणाला, आणि त्या दोघी एकाच वेळी त्याच्यावर तुटून पडल्या.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात ती आधी बजरंगकडे गेली. तो हंडा धूत होता. तिच्याकडे न बघता म्हणाला, "तू पांढरीचं विचारलंस, मी पांढरीचं सांगितलं."

"माझ्या हातानं भरून घेतलंत ते. माझ्या हातानं आळीत वाटलंत."

"मालकांची बंदी होती. मलाही घर आहे, विजाताई."

ती मालकांच्या खोलीत शिरली. यज्ञेश्वरराव कसलंसं पाकीट फोडत होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"दार वाजवून येण्याची आपल्याकडे पद्धत आहे."

"काळ्या पेस्टमध्ये तंबाखू आहे."

"बरं. मग?"

"माझी मुलगी मरता मरता वाचली."

"पेस्ट दाताला लावायची असते. गिळायची, असं आम्ही कुठे छापलंय?"

"तंबाखू आहे, असंही नाही छापलेलं."

"औषधी वनस्पती असं छापलंय. तंबाखू वनस्पती नव्हे काय? की मागावर विणतात?"

"आणि औषध कशावरचं ते?"

"ते आपल्या सासूबाईंना विचारा. त्यांची मशेरी सुटली म्हणून आपणच इथे उभ्या राहून सांगत होतात. पेढे आणले होतेत."

"सुटली नाही ती. तुम्ही नळीत भरून दिलीत, आणि वरून लवंग लावलीत."

"गिऱ्हाईक परत येतं. परत येतं म्हणजे त्याला माल आवडतो. व्यापार म्हणतात त्याला. आपण रसायनशास्त्र शिकलात की भाषणकला?"

तिनं टेबलावरची नमुन्याची नळी उचलली, टोपण काढलं आणि सगळी पेस्ट टेबलाच्या काचेवर, त्यांच्या हिशेबाच्या कागदांवर पिळून काढली. काळी, चमकदार, वेटोळं वेटोळं. "घ्या. औषधी आहे ना? लावा दाताला. माझ्यासमोर लावा. आणि घरी नातवंडं असतील त्यांना लावा."

यज्ञेश्वररावांनी बोट लावलं नाही. त्यांनी वर्तमानपत्राचं पान फाडलं, काच नीट पुसली, पान चुरगळून टोपलीत टाकलं. "आपली प्रकृती फार नाजूक दिसते. इथे वनस्पतींचा वास फार येतो. उद्यापासून येऊ नये."

बाहेर येऊन ती नळ्या भरायच्या टेबलापाशी ओरडली, "बायांनो, तंबाखू आहे यात! लेकरांच्या हाती देऊ नका!" कुणी मान वर केली नाही. कडा दाबायच्या यंत्राचा खटखट आवाज चालू राहिला. एक जण एवढंच म्हणाली, "जा बाई. आमची चूल विझवू नको."

आळीत तर त्याहून वाईट झालं. ती घरोघर गेली, दिलेल्या नळ्या परत मागायला. गिरणीवाल्याच्या म्हातारीनं दार लावून घेतलं. शकू मात्र दारातच कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"इकताना गोड बोललीस, आता इख म्हनतीस?"

"मला माहीत नव्हतं, शकू."

"आमाला ठावं व्हतं की! तमाकू लावून म्हातारी झालेल्या बाया आम्ही, आमाला वळखायची न्हाई? आमाला वाटलं, हुशार हाय विजा, जगाला दात घासते म्हनून सांगायची सोय केली. आनि एक सांगू? पोरीला तूच दिलीस. आमी कुनी दिली न्हाई आमच्या लेकरांना."

विजयमाला मागं वळली. घरी येताना तिला सारखं एकच दिसत होतं, अनवाणी पळणारी सासू आणि तिच्या खांद्यावर लोंबणारे हेमाचे पाय. म्हातारीनं तिला मूर्ख बनवलं होतं आणि तिची पोरगी वाचवली होती. पहिली गोष्ट तिनं एखादे वेळी माफही केली असती. दुसरी तिला कधी पचली नाही.

त्याच आठवड्यात तिनं वेगळी चूल मांडली. घर एकच, मधे पोत्यांचा आडोसा. जयसिंग सकाळी आईकडे जेवे, रात्री बायकोकडे, आणि दोन्हीकडे भाजीला चव नाही असं मनात म्हणे. पुढं काही वर्षांनी सरकारनं पेस्टमध्ये आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली. काळी चांदणी बाजारातून गेली. यज्ञेश्वररावांनी तेच वेष्टन हिरव्या रंगात छापून पांढरी पेस्ट विकायला सुरुवात केली, असं विजयमालेच्या कानावर आलं. तोवर ती बाजार आवारात भाजीच्या गाळ्यावर बसायला लागली होती. ती बातमी ऐकून तिनं गिऱ्हाइकाची वांगी जरा जास्तच जोरात तराजूत टाकली. आणि तुळजाबाई पुन्हा तव्याकडे वळली. तिच्या वाट्याच्या परसात, पण वारा सुनेच्या बाजूला असताना.

हेमा बारा-तेरा वर्षांची झाली. आडोसा तिच्यासाठी नव्हता. ती दोन्हीकडे फिरायची. एक दिवस ती आईला म्हणाली, "आजी भाकरी भिजवून खाते. तिखट लागलं की रडते. गालात पांढरं काहीतरी आहे तिच्या. मला म्हणाली, आईला सांगशील तर टाळकं फोडीन."

विजयमालेनं आडोसा बाजूला केला. "तोंड उघडा."

"तुझ्यापुढं? मेल्यावर उघडीन."

तिनं सासूचा दंड धरला, रिक्षा बोलावली आणि तिला अक्षरशः कोंबून शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. सगळ्या वाटेवर तुळजाबाई रिक्षावाल्याला सांगत होती की ही बाई मला मारायला चालली आहे. रिक्षावाला आरशातून विजयमालेकडे बघत राहिला.

डॉक्टरीण तरुण होती. गालाच्या आत बघून तिचा चेहरा गंभीर झाला. "आजी, मशेरी किती वर्षं लावताय?"

तुळजाबाईनं बोट सुनेकडे केलं. "मशेरीनं न्हाई झालं. हिनं पेस्ट आनली व्हती कारखान्यातनं. काळी. तिच्यानं झालं. विचारा हिला, आनली व्हती का न्हाई."

डॉक्टरिणीनं विजयमालेकडे बघितलं. बाकावरच्या चार बायांनीही बघितलं.

"आणली होती," विजयमाला म्हणाली. चाळीस वर्षांचा तवा बोलून दाखवता आला असता, पण त्या वर्षांत दोन-तीन आपल्याही हातची होती, आणि कुठल्या बोटानं आग लावली हे कुठला डॉक्टर सांगणार?

तुकडा काढून तपासला. मग गालाचा आणि जबड्याचा काही भाग काढावा लागला. त्यानंतर तुळजाबाई जवळपास दोन वर्षं जगली. बोलणं नीट कळत नसे, पण शिव्या कळत. विजयमाला पेज गाळून वाटीत आणायची, वाटी पुढं ठेवायची. तुळजाबाई कधी प्यायची, कधी हातानं उडवून लावायची. उडवली की विजयमाला फरशी पुसायची आणि दुसरी वाटी आणायची. "प्या, नाहीतर नाक धरून ओतीन," एवढंच म्हणायची, आणि एकदा खरंच तसं केलं. पोत्यांचा आडोसा कधी निघाला ते कुणाच्या लक्षात आलं नाही. पुसायला आणि उचलायला मधे येतो म्हणून तिनंच काढून टाकला असावा.

तुळजाबाई माघात गेली. भेटायला आलेल्या बायकांनी ओसरी भरली. तुळजाबाईची धाकटी बहीण मुक्ताबाई डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "लेकीवानी केलंस गं शेवटी. दोघींची मनं मिळाली व्हती म्हन. देवानं बघितलं."

विजयमाला चहाच्या कपबश्या मांडत होती. ती थांबली.

"कुणी सांगितलं मावशी? नव्हती मिळाली."

जयसिंगनं मान खाली घातली. मुक्ताबाई म्हणाली, "असं बोलू न्हाई गेल्या मानसाबद्दल."

"त्या होत्या तेव्हा त्यांच्या तोंडावर बोलत होते. त्याही माझ्या तोंडावर बोलत होत्या. आता मागं खोटं बोलले तर त्यांनाच आवडायचं नाही."

एवढं बोलून तिनं मुक्ताबाईच्या हातात बशी दिली आणि आत वळून हेमाला दूध आणखी तापवायला सांगितलं.